खांड्याचं लग्न

रविवारी दुपारी चारलाच गिरीधरनं शेजारच्या क्वार्टरमधून दोन खुर्च्या मागून आणल्या. त्या टीव्हीसमोर मांडल्या, मग खिडकीपाशी सरकवल्या आणि पुन्हा टीव्हीसमोर आणल्या. श्रीदेवी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. तिच्या हातात मुरुक्कूचा साचा होता आणि कढईत तेल तापलं होतं, म्हणून थोडा वेळ तिनं दम धरला.

"अहो, खुर्च्यांनी काय पाप केलंय?" ती शेवटी म्हणाली. "सिनेमा सहा वाजता. आत्तापासून ही नाचानाच कसाला? उगे बसा की."

"व्याही येणार म्हणून."

"व्याही काय पहिल्यांदा येतात?"

खरं होतं ते. लेक ऊर्मी हिचं लग्न दर्शनशी ठरल्यापासून दर्शनचे आईवडील, बाळकृष्णराव आणि विद्युलताबाई, चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या या क्वार्टरमध्ये चारपाच वेळा येऊन गेले होते. बाळकृष्णराव मूळचे साताऱ्याचे, बँकेच्या नोकरीनं तीस वर्षांपूर्वी चेन्नईला आलेले आणि इथेच निवृत्त झालेले. माणसं साधी होती. पण गिरीधरला आज कुठलीच गोष्ट साधी वाटत नव्हती.

आज सहा वाजता एका तमिळ वाहिनीवर 'वाळुम पूवुम' नावाची टेलिफिल्म दाखवणार होते. वाळुम पूवुम म्हणजे तलवार आणि फूल. तंजावरकडच्या नल्लमंगळम जहागिरीचे धाकटे राजे उपेंद्र आणि तिथल्याच वैद्यबुवांची मुलगी कृष्णवेणी यांची ही खरीखुरी प्रेमकथा, असं जाहिरातीत आठवडाभर ओरडून सांगत होते. उपेंद्रराजे म्हणजे गिरीधरचे वडील. राज्य त्यांच्या लहानपणीच गेलं होतं. लग्नानंतर ते मद्रासला आले, जॉर्ज टाउनमधल्या एका जहाज-एजंटाकडे कारकुनी करता करता म्हातारे झाले आणि एक दिवस जसे शांतपणे कचेरीला जात तसेच शांतपणे गेले. आणि कृष्णवेणी, वय वर्षं ब्याऐंशी, आतल्या खोलीत ऊर्मीच्या मदतीनं नऊवारी नेसत होती. घरात तिला सगळेच अव्वा म्हणत, पोटचा गिरीधरसुद्धा.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं गिरीधरचं झालं होतं. त्यानं केलेली गोष्ट घरात कुणालाच ठाऊक नव्हती, बायकोलाही नाही.

उपेंद्रराजांचं लग्न लागलं तेव्हा उपेंद्रराजे मांडवात नव्हते. वैद्याची पोर सून म्हणून नको, असं म्हणून त्यांच्या वडिलांनी त्यांना महालाच्या माडीवर कोंडून ठेवलं होतं. त्यांच्या जागी त्यांचा खांडा आला आणि कृष्णवेणीचं लग्न त्या तलवारीशी लागलं. जुन्या राजघराण्यांत हे चालत असे. नवरा लढाईवर असला तर त्याचा खांडा पाठवायचा, त्याला मुलीनं माळ घालायची, लग्न पक्कं. इथवर ठीक होतं. पण नल्लमंगळमचे राजे पिढ्यान्‌पिढ्या आपल्या ठेवलेल्या बायकांनाही असाच खांडा धाडत आले होते. त्यामुळे तिथे 'खांड्याची बायको' म्हटलं की लोक गालातल्या गालात हसत.

गिरीधर नऊ वर्षांचा असताना दसऱ्याला एकदाच नल्लमंगळमला गेला होता. तिथे थोरल्या चुलत्यांचा मुलगा शहाजी, वयानं दोनतीन वर्षांनी मोठा, सगळ्या पोरांदेखत त्याला 'कत्तीचं पोर' म्हणाला. कत्ती म्हणजे तमिळमध्ये सुरी, तलवार. पोरं हसली. त्या शब्दाचा पुरता अर्थ गिरीधरला पुढे कळला आणि कळला तो कायमचा. त्यानं आईला सांगितलं नाही, बापाला विचारलं नाही. रणगाड्यांच्या कारखान्यात चिकटला, हुद्दा वाढला, लेक इंजिनियर झाली. पण तंजावरकडचं कुणी भेटलं की आजही त्याचे कान तापायचे.

म्हणून, टेलिफिल्मची दिग्दर्शिका चंद्रिका घरी येऊन अव्वाकडून सगळी हकीकत ऐकून गेली, तेव्हा गिरीधर तिच्या पाठोपाठ तिच्या वडपळनीच्या ऑफिसात जाऊन पोचला. लग्नाचा प्रसंग बदला म्हणाला. राजे स्वतः येतात, स्वतः ताळी, म्हणजे मंगळसूत्र, बांधतात, असं दाखवा. ती हुज्जत घालेल म्हणून त्यानं बरीच तयारी केली होती. पण ती म्हणाली, "सर, चॅनलवाले पण तेच सांगतात. लग्नात हीरोच नाही तर लोक बघतील काय?" पाच मिनिटांत काम झालं. गिरीधर जिना उतरला तेव्हा त्याला पन्नास वर्षांचं ओझं उतरल्यासारखं हलकं वाटलं होतं.

आज मात्र ते ओझं परत आलं होतं.

पाच वाजून गेल्यावर व्याही आले. दर्शनला रविवारीही इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यात शिफ्ट होती, तो आला नव्हता. विद्युलताबाईंनी मात्र त्याची उणीव एकटीनं भरून काढली. पैठणी, नाकात नथ, हातात पेढ्यांचा पुडा.

"राणीसाहेब कुठेत आमच्या?" त्यांनी दारातूनच विचारलं. "श्रीदेवीताई, अहो, मंडळात मी सगळ्यांना सांगून ठेवलंय. पुण्याला माझ्या बहिणी मोबाइलवर बघताहेत. तमिळ कळत नाही म्हणाल्या, तर म्हटलं प्रेमाला भाषा लागत नाही, बघा गुपचूप!"

"हिच्या बहिणी गुपचूप बघणार," बाळकृष्णराव हळूच गिरीधरला म्हणाले, "आणि सूर्य पश्चिमेला उगवणार."

गिरीधर हसला, पण हसू ओठांवरच राहिलं. सगळ्यांना सांगून ठेवलंय. पुण्याच्या बहिणीसुद्धा. झाकली मूठ झाकलेलीच राहावी म्हणून त्यानं एवढं केलं होतं आणि बाईंनी तर गावभर दवंडी पिटली होती.

अव्वा बाहेर आली. अंजिरी रंगाचं रेशमी नेसण, केसांत मल्लिपूचा छोटा गजरा. गजरा बघून श्रीदेवी चपापली. नवरा गेल्यापासून अव्वानं फूल माळलं नव्हतं.

"ऊर्मीनं लाविलं," अव्वा आपल्या तंजावरी मराठीत म्हणाली. "मीं नको म्हणिट्लें. तर म्हणती, अव्वा, आज तुमचं लग्न आहे ना. मग उगे राहिल्ये." ती खुर्चीत बसली आणि सगळ्यांकडे बघून लहान मुलीसारखी हसली. "अस्के बसा. मज बाकी काही नको. मज तो खांडा एकदा बघायचा आहे. त्या पोरीनं तीन दिवस मज तेच विचारिलं. कापड कोणतं, फुलं कोणतीं, कोण कुठं उभं. अस्कं सांगिट्लें."

"कसला खांडा?" विद्युलताबाईंनी विचारलं.

"वहिनी, कॉफी घ्या, निवतेय," गिरीधर घाईनं म्हणाला.

त्याच्या मनात काय काय येऊन गेलं. केबलची तार मागच्या बाजूनं जात होती. ती ओढली तर? पण ऊर्मी लगेच मोबाइलवर लावेल. अव्वाला बरं नाही असं म्हणावं? समोर तर ती गजरा माळून टवटवीत बसलेली. आजवर कारखान्यात मोठमोठ्या यंत्रांचे बिघाड त्यानं काढले होते, पण इथे कुठला नट ढिला करावा ते त्याला सुचेना.

सहा वाजता सिनेमा सुरू झाला.

पहिल्याच दृश्यात राजे कावेरीच्या वाळूतून घोडा फेकत आले. उंचपुरे, गोरेपान, मिशीला पीळ. काठावर घागर घेऊन कृष्णवेणी. घोडा उधळतो, घागर फुटते, राजे तिला अलगद झेलतात.

"अग्गोबाई!" विद्युलताबाई म्हणाल्या.

अव्वा डोळे बारीक करून बघत होती. "हा घोडा कुठला?"

"राजे घोड्यावर बसायचे नाहीत का?" बाळकृष्णरावांनी विचारलं.

"राजास घोडा जवळ आला की शिंका यायच्या. ते माझ्या बापाकडं आले ते डोळ्यांत औषध घालून घ्यायला. डोळे आलते. दोन्ही. मीं कापूस धरून उभी. तेंव्हां त्यांस मीं दिसल्येंही नाही." ती खुदकन हसली. "तीन दिवसांनी डोळे उघडले, तेंव्हां दिसल्ये."

सगळे हसले. ऊर्मी तर पोट धरून. "अव्वा, दॅट इज सो मच बेटर! हे का नाही घेतलं यांनी?"

"चिपडं आलेला हीरो कोण बघेल डी?" श्रीदेवी म्हणाली.

गिरीधरला जरा धीर आला. अव्वा घोड्यावर हसली, तशी लग्नावरही हसेल. सिनेमा आहे, म्हणेल. एवढंच तर हवं होतं. जाहिराती लागल्या, मुरुक्कू फिरले, वाटली डाळ फिरली. विद्युलताबाईंनी डाळीची कृती विचारून घेतली आणि आमच्याकडे ही चैत्रातच करतात, असंही सांगून टाकलं. मग पुन्हा सिनेमा. थोरले राजे, म्हणजे उपेंद्रराजांचे वडील, गरजले. हातातली तलवार त्यांनी तीनदा उपसली आणि तीनदा म्यान केली. बहुधा सिनेमाच्या नावात तिला जागा दिल्याची ती भरपाई होती. धाकट्या राजांना माडीवर कोंडलं. इकडे वैद्यांच्या दारात मांडव. मुलगी बोहल्यावर. भटजी आकाशाकडे बघतोय, मुहूर्त टळत चाललाय.

अव्वा खुर्चीत पुढे सरकली. तिचे दोन्ही हात मांडीवर जुळले होते.

"आता," ती पुटपुटली. "आता बघा."

मांडवाचा कनातीचा पडदा फाटला आणि राजे आत आले. कपाळावर रक्त, सदरा फाटलेला. ढोल वाजले. राजांनी ताळी उचलली आणि कृष्णवेणीच्या गळ्यात बांधली. फुलं पडली, एवढी पडली की वधूवर दिसेनात.

विद्युलताबाईंनी टाळ्या वाजवल्या आणि पदरानं डोळे टिपले. "प्रेम असावं तर असं! बघा, शिका काहीतरी," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

जाहिरात लागली. साबणाची. मग अव्वानं विचारलं, "हा कोण?"

"कोण, अव्वा?"

"हा, ताळी बांधिली तो."

"राजे आहेत ना, आजोबा," ऊर्मी म्हणाली.

"राजे आलते नाहीत." आवाज शांत होता, पण त्यातलं मघाचं हसू कुठल्या कुठे गेलं होतं. "खांडा कुठं आहे? अस्का खांडा काढून टाकिला? तेंवढं एकच दाखवायचं होतं की रे."

"सिनेमावाले," गिरीधर म्हणाला. त्याचा त्यालाच आवाज पातळ वाटला. "काहीही दाखवतात. मनावर घेऊ नकोस."

"पण अप्पा, चंद्रिकानं मला स्वतः सांगितलं होतं," ऊर्मी म्हणाली. "स्वोर्ड वेडिंग हाच त्यांचा क्लायमॅक्स होता. खास तलवार बनवून घेतली होती त्यांनी. इट्स चीटिंग. मी आत्ता तिला फोन लावते आणि विचारते, कुणी बदललं."

तिनं मोबाइल उचललासुद्धा. गिरीधर बघत राहिला. गप्प बसलं तरी आता आपलं नाव बाहेर पडणार होतं आणि चंद्रिकाच्या तोंडून पडलं तर जास्त वाईट.

"नको लावूस," तो म्हणाला. "मी सांगितलं होतं तिला. मी बदलायला लावलं."

श्रीदेवीनं टीव्हीचा आवाज बंद केला. पडद्यावर एक बाई मूकपणे कपडे वाळत घालत राहिली.

"कसाला?" अव्वानं विचारलं.

व्याह्यांसमोर बोलावं की नाही, याचा विचार करायची वेळ निघून गेली होती. गिरीधर सगळं बोलला. दसरा, महालाच्या मागचं अंगण, शहाजी, पोरांचं हसू. तो शब्दही बोलला. आपल्याच घरात, होणाऱ्या व्याह्यांपुढे, एकोणसाठाव्या वर्षी 'कत्तीचं पोर' हे शब्द स्वतःच्या तोंडून ऐकताना त्याला वाटलं, हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण एकदा सुरू झाल्यावर थांबता येईना.

"सगळ्यांना तोच अर्थ ठाऊक आहे, अव्वा. खांडा आला म्हणजे ठेवलेली बाई. आज हे सगळ्या तमिळनाडूनं बघितलं असतं. ऊर्मीचं लग्न आहे. म्हणून म्हटलं..."

विद्युलताबाई उठल्या आणि काही न बोलता स्वयंपाकघरात गेल्या. गिरीधरनं त्यांच्या पाठीकडे बघितलं. झालं, त्याला वाटलं. ज्याला भीत होतो तेच झालं आणि मीच केलं. बाळकृष्णराव कॉफीच्या रिकाम्या पेल्यात बघत होते.

"नऊ वर्षांचा होतास?" अव्वा म्हणाली.

"हो."

"आणि मज एक शब्द सांगिट्ला नाहीस. पन्नास वर्षं. मीं तुज रोज न्हाऊ घालित होत्यें, जेवू वाढित होत्यें आणि तुझ्या पोटांत हें." तिचे डोळे भरले, पण तिनं ते पुसले नाहीत. "तुज लाज वाटत होती रे, गिरी? माझ्या लग्नाची?"

खोटं बोलायला आता काही कारण उरलं नव्हतं.

"वाटत होती," तो म्हणाला.

अव्वानं मान हलवली. मग तिनं विचारलं, "खांडा कोणी आणिला होता, ठाऊक आहे तुज?"

"हुजऱ्यानं. महालात सगळे तेच सांगतात."

"महालांत तसंच सांगवितात. दोन तऱ्हेनं यायचा खांडा नल्लमंगळमात. एक दिवेलागणीला, मागल्या दारानं, हुजऱ्याच्या हातीं. ती ठेविलेली बाई. दुसरा उजेडीं, समोरच्या दारानं, घरच्या वडील बाईच्या हातीं. ती सून." तिनं श्वास घेतला. "माझा खांडा माझ्या सासूनं आणिला."

गिरीधर बघतच राहिला. त्या आजीला त्यानं त्या एका दसऱ्याला लांबून पाहिलं होतं. माडीच्या टोकाच्या खोलीत एकटी बसलेली बारीक अंगाची बाई. तिनं त्याला जवळ बोलावून हातावर बत्तासा ठेवला होता आणि त्याच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली होती, एवढंच त्याला आठवत होतं.

"ती बाई जन्मांत बाजारांतून चालली नव्हती," अव्वा सांगू लागली. "बाहेर पडायचं तर पडद्याची गाडी. त्या दिवशीं चित्रैचं ऊन. भर दुपारीं महालाच्या थोरल्या दारांतून निघाली. एकटी. लेकाचा खांडा उभा धरून, असा, खांद्याशीं. स्वतःच्या लग्नाचा शालू त्यास गुंडाळिला होता. बाजारांत अस्के लोक दुकानांतून उठून उभे राहिले. कोणास कळेना, हात जोडावे की खालीं बघावं. माझ्या बापानं दार उघडलं तर समोर राणी. ती म्हणिट्ली, वैद्यबुवा, माझ्या लेकास अडकवून ठेविलं आहे. मीं आल्यें. सून न्यायला आल्यें."

स्वयंपाकघराच्या दारात विद्युलताबाई येऊन उभ्या होत्या. हातात पाण्याचा पेला. तो त्यांनी अव्वासाठी आणला होता आणि द्यायचा विसरल्या होत्या.

"आणि पायात?" त्यांनी विचारलं. "एवढ्या उन्हात पायात काही नव्हतं?"

"काही नव्हतं. फोड आलते. माझ्या आईनं पायांस लोणी लाविलं. ती म्हणती, आधीं लग्न लावा, मग पाय बघा."

"मग पुढे काय झालं हो त्यांचं?"

"थोरल्या राजांनी मरेपर्यंत तिच्या हातचं अन्न घेतलं नाही. त्या माडीवर वेगळी ठेविली. हुजऱ्याच्या तोंडून सांगविलं, खांडा मीं पोंचविला म्हणून. तिनं तें ऐकून घेतलं. लेक सुटला ना, म्हणायची. लग्न लागल्यावर कोंडून ठेवून काय उपयोग? त्यास सोडावंच लागलं." अव्वा गिरीधरकडे वळली. "राजे म्हणायचे, माझ्या लग्नांत मीं नव्हतों, पण आई होती. मीं असतों आणि ती नसती, तर तूं कृष्णवेणी राहिली असतीस. सून झाली नसतीस."

विद्युलताबाईंनी खुर्ची ओढली, ती अव्वाच्या खुर्चीला लागूनच आणली आणि बसल्या. मग त्या गिरीधरकडे बघून म्हणाल्या, "गिरीधरराव, रागावू नका, पण तुम्ही हे काढलंत? हे? आणि मी मघाशी टाळ्या वाजवल्या त्या कुठल्या भलत्याच माणसाला!"

"आमच्याकडेही खांडालग्न ऐकून माहीत आहे," बाळकृष्णराव घसा खाकरून म्हणाले. "पण सासूनं आणलेलं, हे पहिल्यांदा ऐकतोय. दर्शनला सांगायला हवं." आणि थोड्या वेळानं, गिरीधरच्या गुडघ्यावर हात ठेवून ते म्हणाले, "लग्नाबिग्नाची काळजी करत होतात होय? काय माणूस आहात!"

गिरीधरची व्याह्यांची भीती गेली, ते ठीक. पण जे त्यानं कापून टाकलं होतं ते आता कुठून परत आणायचं? आईचं लग्न झाकायला गेला आणि ज्या बाईनं त्या लग्नासाठी उरलेलं आयुष्य एका खोलीत काढलं, तिलाच त्यानं पुसून टाकलं होतं. महालानं तिला एकदा पुसलं होतं. दुसऱ्यांदा, टीव्हीवर, सगळ्यांदेखत, तिच्या नातवानं. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली. पन्नास वर्षं वाटत होती त्यापेक्षा ही फार वेगळी होती.

"अव्वा," तो म्हणाला, "मी चुकलो."

"विचारायचं होतंस," ती म्हणाली. "येंवढंच. मज वाटायचं, तुज ठाऊक आहे."

तेवढ्यात फोन वाजला. गिरीधरचा. पडद्यावरचं नाव बघून त्यानं तो तसाच वाजू दिला. ऊर्मीनं वाकून वाचलं. "शहाजी पेरियप्पा! अप्पा, ते कधी फोन करतात तुम्हांला?"

"कधीच नाही."

"घे," अव्वा म्हणाली. "थोरल्या घरचा फोन आहे. घे. अस्क्यांस ऐकू दे."

गिरीधरनं स्पीकर लावला. पलीकडे तंजावरची कुणाची तरी पडवी, मागे टीव्हीचा आवाज, पोरांचा गलका.

"गिरी? मीं शहाजी बोलतों." आवाज म्हातारा झाला होता. "सिनेमा बघतों आहें रे. अस्कं घर बघतें. आत्ताच लग्न झालं. गिरी, आम्हांस ठाऊक नव्हतं डा. काकास्वामी स्वतः आलते, स्वतः ताळी बांधिली, हें कोणी सांगिट्लंच नाही. आम्हांस म्हणायचे, कत्ती धाडिली. मीं तुज लहानपणीं कायकाय बोलिलों... तुज आठवतं की नाही, ठाऊक नाही. मज आठवतं. आतां इथं अस्के म्हणतात, चूक आमची. ऊर्मीच्या लग्नास आम्ही अस्के येतों. थोरल्या घरचा मान घेऊन येतों. बोलिलों तें मनांत ठेवूं नको."

खोलीत सगळे गिरीधरकडे बघत होते. नऊ वर्षांच्या पोरानं त्या अंगणात जे मागितलं होतं, ते आता सगळंच्या सगळं त्याच्या हातात येऊन पडलं होतं. माफी, मान, थोरल्या घराचं येणं. नुसतं 'बरं' म्हणायचं होतं. 'बरं, अण्णा' एवढंच.

अव्वा त्याला काही सुचवत नव्हती. मांडीवर हात जुळवून बसली होती, मघाशी मांडवाच्या दृश्याला बसली होती तशीच.

"अण्णा," गिरीधर म्हणाला, "सिनेमात दाखवलं ते खोटं आहे."

"काय?"

"राजे आले नव्हते. मी त्या लोकांना सांगून ते घालायला लावलं. खांडाच आला होता. तू म्हणालास ते खरं होतं. मी कत्तीचंच पोर."

पलीकडचा टीव्ही कुणीतरी बंद केला. पोरांचा आवाजही थांबला.

"गिरी, असं कसं बोलतोस रे..."

"ऐक ना, अण्णा. फोन ठेवू नकोस. तुझ्याही कामाचं आहे. तो खांडा हुजऱ्यानं आणला नव्हता. भर दुपारी, समोरच्या दारानं, उघड्या पायांनी बाजारातून चालत येऊन एका बाईनं आणला." त्यानं अव्वाकडे बघितलं. "त्रिपुरसुंदरीबाईंनी. आपल्या आजीनं."

सासूचं नाव कानावर पडताच अव्वानं पाठीवरचा पदर ओढून डोक्यावर घेतला आणि मान खाली घातली.

पलीकडून शहाजीनं, अगदी लहान आवाजात, विचारलं, "पाय भाजले असतील की रे तिचे?"